उजेडाचा पंचनामा कुणी करायचा?

2022 सालचा गुढीपाडवा 2 एप्रिलला होता. गुढी सूर्यास्तालाच उतरवली होती, पण काठी गच्चीवरच राहिली होती. ती आणायला मी पावणेआठच्या सुमारास वर गेलो, तर शेजारच्या गच्चीवरची पोरं ओरडायला लागली. मान वर केली. पश्चिमेकडून पूर्वेकडे एक जळती रांग चालली होती. उल्का अशी नसते. ‘ती बघ’ म्हणेपर्यंत ती विझलेली असते. हे प्रकरण सावकाश, जवळजवळ निवांत चाललं होतं. पुढे एक मोठा ठिणग्यांचा गोळा, मागे लहान लहान तुकडे, प्रत्येकाला आपापली शेपटी. आवाज अजिबात नाही. मी काठी हातात धरून तसाच उभा राहिलो, आणि मनात पहिला विचार आला तो क्षेपणास्त्राचा.

हसू नका. चोवीसच दिवसांपूर्वी, 9 मार्चला, आपलं एक क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानात मियां चन्नूजवळ जाऊन पडलं होतं आणि सरकारने ते दोन दिवसांनी कबूल केलं होतं. त्यामुळे नागपुरात त्या संध्याकाळी एकटा मीच घाबरलो होतो असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर विमान पडल्याच्या बातम्या तर तयारच होत्या. दहा मिनिटांत ब्रह्मपुरीकडच्या मावशीचा फोन आला. “अरे, आकाशातून काहीतरी जळत पडून राहिलं. लढाई लागली का रे?”

मला काय माहीत! आणि खरी गोम अशी, की कुणाला विचारायचं हेही मला माहीत नव्हतं. एका सरकारी मदत क्रमांकावर फोन लावून पाहिला. पलीकडच्या माणसाने शांतपणे विचारलं, “तुमच्या घरावर काही पडलं का?” नाही म्हटलं. “कुणाला लागलं?” नाही. “मग ठेवा.” त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याला नेमून दिलेले प्रश्न तेवढेच होते. त्याच्या लेखी काही घडलंच नव्हतं. माझ्या लेखी मात्र अर्धं आकाश पेटलं होतं.

या दोन नजरांमधल्या फरकाबद्दलच मला लिहायचं आहे. कारण रात्री आकाशात दिसलेल्या अनोळखी उजेडांची चौकशी जिथे जिथे सैन्याकडे गेली, तिथे तिथे हेच घडलं. सैन्य विचारतं, ‘यापासून धोका आहे का?’ नागरिक विचारतो, ‘मी पाहिलं ते काय होतं?’ पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं की सैन्याची फाइल बंद होते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी तिथे कुणी बसलेलंच नसतं.

अमेरिकेच्या हवाई दलाने हे काम बावीस वर्षं केलं. 1947 च्या उन्हाळ्यात उडत्या तबकड्यांची आवई उठली. 1948 मध्ये ‘साइन’, मग ‘ग्रज’, आणि 1952 पासून ‘ब्लू बुक’ अशा नावांनी ही चौकशी ओहायोतल्या राइट-पॅटरसन तळावरून चालली. कागदावर ब्लू बुकची उद्दिष्टं दोन होती: राष्ट्रीय सुरक्षेला धोका आहे का ते बघणं आणि मिळालेल्या माहितीचा शास्त्रीय अभ्यास करणं. प्रत्यक्षात हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी माणसं आणि देशभरातून येणारी पत्रं. शास्त्राची बाजू सांभाळायला जे. अ‍ॅलन हायनेक नावाचे खगोलशास्त्राचे प्राध्यापक सल्लागार म्हणून जोडलेले. त्यांचा कल सुरुवातीला चेष्टेकडेच होता.

मार्च 1966 मध्ये मिशिगन राज्यात अ‍ॅन आर्बरजवळच्या डेक्स्टर भागात एका शेतकऱ्याला आणि त्याच्या मुलाला घरामागच्या दलदलीवर उजेड दिसले. ते बघायला दोघं चिखल तुडवत गेले. पाठोपाठ पोलीसही आले. दुसऱ्या दिवशी रात्री, 21 मार्चला, हिल्सडेल कॉलेजच्या वसतिगृहातल्या ऐंशीहून जास्त मुलींनी खिडक्यांतून कॉलेजच्या बागेकडच्या पाणथळ जागेवर सरकणारे, मंद होणारे, पुन्हा पेटणारे दिवे पाहिले. नागरी संरक्षण दलाचा स्थानिक प्रमुखही त्यांच्यासोबत होता. गावात गर्दी, वार्ताहर, दूरचित्रवाणीच्या गाड्या. हवाई दलाने हायनेक यांना पाठवलं.

चारच दिवसांत, 25 मार्चला, डेट्रॉइटमध्ये खच्चून भरलेली पत्रकार परिषद झाली. हायनेक यांनी सावधपणे सांगितलं की डेक्स्टर आणि हिल्सडेल या दोन ठिकाणचे उजेड दलदलीतल्या वायूमुळे दिसले असण्याची शक्यता आहे. थंडीत कुजलेल्या पानापाचोळ्यातून तयार झालेला वायू बर्फ वितळू लागल्यावर सुटतो, पेट घेतो आणि जमिनीलगत नाचल्यासारखा दिसतो. हे थोतांड नव्हतं. कोकणात वेताळाची पालखी, तिच्या मशाली, आग्या वेताळ या साऱ्यांच्या मुळाशी असेच काही उजेड असावेत असं आपल्याकडेही मानलं जातं. पण ‘शक्यता’, ‘दोन ठिकाणी’, ‘बाकीच्यांबद्दल मी बोलत नाही’ हे सगळं वार्ताहरांनी गाळलं आणि ‘दलदलीतला वायू’ एवढंच मथळ्यात उरलं. व्यंगचित्रकारांची चंगळ झाली. शेतकऱ्याची थट्टा झाली. हिल्सडेलच्या त्या नागरी संरक्षण प्रमुखाने हा निष्कर्ष मानायला साफ नकार दिला.

हायनेक खोटं बोलले असं मला वाटत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. चार दिवसांत, चिखल अजून ओला असताना, एक प्राध्यापक वायूचे नमुने घेत नाही, साक्षी नीट नोंदवत नाही, आणि पत्रकारांसमोर उभा राहतो. का? कारण ज्यांनी त्याला पाठवलं त्यांना घबराट थांबवायची होती. घबराट थांबवणं हे सैन्याचं रास्त काम आहे. पण ते विज्ञानाच्या तोंडून करवून घेतलं की दोन्ही जातात, घबराटही थांबत नाही आणि विज्ञानाची पतही राहत नाही. मिशिगनचे प्रतिनिधी आणि प्रतिनिधीगृहातले विरोधी पक्षनेते जेराल्ड फोर्ड, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी जाहीर चौकशीची मागणी केली. जनतेला यापेक्षा बरं स्पष्टीकरण मिळायला हवं असं त्यांचं म्हणणं. 5 एप्रिलला संसदीय समितीपुढे सुनावणी झाली. तीही संरक्षणविषयक समितीपुढे, हे लक्षात घ्या. म्हणजे तक्रार हवाई दलाबद्दल आणि ती ऐकणारेही हवाई दलाचेच पालक.

त्या सुनावणीला पंधरा दिवसही झाले नव्हते तोच, 17 एप्रिलला पहाटे, ओहायोतल्या दोन पोलिसांनी एका उजेडाचा गाडीतून पाठलाग केला. राज्याची हद्द ओलांडून पेनसिल्वेनियापर्यंत, सुमारे 135 किलोमीटर. वाटेत दुसऱ्या हद्दीतले पोलीसही सामील झाले. ब्लू बुकने उत्तर दिलं: आधी एक कृत्रिम उपग्रह, मग शुक्र. शुक्राचा पाठलाग होऊ शकतो, यात मला शंका नाही. पहाटेचा शुक्र गाडीसोबत धावतो, आपण थांबलो की थांबतो. लहानपणी एसटीच्या खिडकीतून आपण सगळ्यांनी चंद्राला असाच पळवलाय. पण त्या माणसांशी जे बोललं गेलं त्याचा सूर असा होता, की तुम्ही चुकलात आणि चुकलात हे कबूल करा. त्यांतल्या एकाची नोकरी सुटली, संसार मोडला, सहा महिन्यांत तो माणूस उन्मळून पडल्याच्या बातम्या आल्या. उजेड शुक्राचा असेलही. पण त्याला ते समजावून सांगणं आणि त्याला वेड्यात काढणं यांत जे अंतर आहे, ते राखायची गरज सैनिकी चौकशीला कधी भासलीच नाही.

याहून जास्त खटकणारी गोष्ट म्हणजे चौकशी करणाराच कधी कधी आरोपी असतो. 1955 पासून अमेरिकेची यू-2 हेरविमानं उडू लागली. त्या काळी प्रवासी विमानं फार तर वीस हजार फुटांवर असत, ही साठ हजारांच्या वर. सुरुवातीची विमानं चांदीसारखी चकचकीत होती. खाली काळोख झालेला असताना इतक्या उंचीवर ऊन असतं, त्यामुळे संध्याकाळी ती पेटल्यासारखी दिसत. वैमानिक आणि जमिनीवरची माणसं कळवत: आकाशात जळती वस्तू. ब्लू बुकची माणसं गुप्तचर खात्याला विचारून उड्डाणांची नोंद जुळवत, आणि नागरिकाला उत्तर पाठवत: बर्फाचे स्फटिक, हवेच्या थरांतला तापमानाचा फरक. 1997 मध्ये गुप्तचर खात्याच्याच नियतकालिकात एका सरकारी इतिहासकाराने लिहिलं, की पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून साठच्या दशकात आलेल्या अशा तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक या विमानांमुळे होत्या. हा आकडा अनेक अभ्यासकांना फुगवलेला वाटतो, मलाही फारसा पटत नाही. पण निम्म्या नाही, शंभरच का असेनात! त्या शंभर माणसांनी जे पाहिलं ते खरंच होतं, ते खरं असल्याचं तळावर माहीत होतं, आणि त्यांना चुकीचं उत्तर जाणूनबुजून पाठवलं गेलं. गुपित राखायला हवं होतं हे मान्य. मग ‘आम्ही सांगू शकत नाही’ असं लिहायचं. बर्फाचे स्फटिक कशाला?

आज अमेरिकेत बरीच जनता सरकारवर याबाबतीत विश्वास का ठेवत नाही, परग्रहवासी लपवून ठेवल्याच्या कहाण्या का पिकतात, याचं मूळ मला त्या स्फटिकांत दिसतं. (माझं मत विचाराल तर परग्रहावरून कुणी आलेलं नाही. अनोळखी म्हणजे फक्त न ओळखलेलं.) 17 डिसेंबर 1969 ला ब्लू बुक बंद झालं. एकूण 12,618 नोंदी, त्यांपैकी 701 अखेरपर्यंत अनिर्णित. या 701 नोंदी लोक आजही देवाच्या नावासारखे जपतात. त्यांतल्या किती खरोखर गूढ होत्या आणि किती नुसत्या अर्धवट लिहिलेल्या, हे सांगायला कुणी उरलं नाही. आणि हायनेक? सुरुवातीला नाक मुरडणारा हा माणूस 1973 मध्ये स्वतःची नागरी अभ्याससंस्था काढून बसला.

ब्रिटनने हा संसार वेगळ्या पद्धतीने मोडला. तिथे संरक्षण मंत्रालयात पन्नासहून जास्त वर्षं अशा तक्रारींसाठी एक टेबल होतं. 1967 पर्यंतच्या बहुतेक फायली पाच-पाच वर्षांनी नष्टच केल्या जात. 2009 मध्ये आकाशात सोडायच्या कागदी कंदिलांच्या लाटेमुळे तक्रारी एकदम वाढल्या, सहाशेच्या वर गेल्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मंत्रालयाने दूरध्वनी आणि ईमेल बंद करून टाकले. कारण दिलं ते असं, की इतक्या वर्षांत एकाही तक्रारीतून देशाला धोका असल्याचा पुरावा मिळाला नाही. तर्क बिनचूक आहे. पण पुन्हा तोच पहिला प्रश्न. कुणाच्या बागेवरून गेलेले नारिंगी दिवे म्हणजे लग्नातले कागदी कंदील होते, हे त्याला सांगायला एक टपाल तिकीट लागलं असतं.

सैन्याला नागरी विज्ञान लागत नाही असंही नाही. उलट त्यालाच जास्त लागतं, याचं उदाहरण आपल्या घरचं आहे. 2012 च्या ऑगस्टपासून 2013 च्या फेब्रुवारीपर्यंत लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या बाजूला आपल्या जवानांनी आकाशातल्या प्रकाशांच्या 329 नोंदी केल्या. त्यांतल्या 155 वेळा चीनच्या टेहळणी यंत्रांनी प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडली असं मानलं गेलं. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारलं. लडाखमधल्याच हानले इथल्या वेधशाळेची ही संस्था. तिच्या खगोलशास्त्रज्ञांनी नोंदींतल्या वेळा आणि दिशा ग्रहांच्या जागांशी ताडून पाहिल्या आणि सांगितलं: हे गुरू आणि शुक्र आहेत. चौदा हजार फुटांवरच्या स्वच्छ, विरळ हवेत ग्रह किती तेजस्वी दिसतात, हे तिथे गेलेल्याला विचारा. जवानांनी अत्यंत शिस्तीने नोंदी ठेवल्या होत्या, आणि त्या नोंदींमुळेच उलगडा झाला. कुणी त्यांना मूर्ख ठरवलं नाही. ही बातमी वाचून लोक हसले, पण मला ती लष्कराच्या बाजूची वाटते. त्यांनी योग्य माणसाला विचारलं आणि उत्तर मान्य केलं. नागरिकाला मात्र हा रस्ता उपलब्ध नाही.

फ्रान्समध्ये आहे. 1977 पासून तिथल्या राष्ट्रीय अंतराळ संस्थेत, तुलूझला, एक छोटा कक्ष आहे. आता त्याला जेपान म्हणतात. तुम्हाला रात्री काही दिसलं की तुम्ही जवळच्या जाँदार्मरीच्या चौकीत जाता, म्हणजे आपल्या ग्रामीण पोलिसांसारखं. ते साक्ष लिहून घेतात: किती वाजता, कुठे उभे होता, कोणत्या दिशेला, किती उंचीवर, कुठल्या झाडाच्या किंवा छपराच्या तुलनेत. कागद तुलूझला जातो. हवाई दल, हवामान खातं, विमान वाहतूक यांच्याकडून माहिती मागवली जाते. मग निष्कर्ष: ओळख पटली, बहुधा पटली, माहिती अपुरी, किंवा चांगली माहिती असूनही पटली नाही. शेवटचा गट तीन टक्क्यांच्या आसपास. 2007 पासून या फायली साक्षीदाराचं नाव झाकून सगळ्यांसाठी खुल्या आहेत. मला यातला तिसरा गट सगळ्यांत जास्त आवडतो. ‘माहिती अपुरी’ असं सरकारी शिक्क्यानिशी लिहायला मोठं धाडस लागतं.

यावर म्हणतील, आकाशाची राखण शेवटी सैन्याच्याच रडारवर आहे, मग मध्ये हा दुसरा पाहुणा कशाला? रडार सैन्याकडेच राहू द्या. धोका आहे की नाही हे त्यांनी आधी, लगेच, हवं तर गुपचूप ठरवावं. फक्त त्यानंतर तो कागद मृत होऊ नये, एवढंच. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत 2024 च्या अखेरीला लोकांनी रात्रीच्या ड्रोनबद्दल इतका गिल्ला केला, की एफबीआयकडे पाच हजारांवर खबरा गेल्या. पिकॅटिनी या लष्करी तळावरही उजेड दिसले होते. डिसेंबरच्या मध्याला चार सरकारी खात्यांनी मिळून सांगितलं, की यात कायदेशीर ड्रोन, छंदी लोकांचे ड्रोन, पोलिसांचे ड्रोन, विमानं, हेलिकॉप्टरं आणि चुकून ड्रोन समजलेले तारे आहेत. बहुधा अगदी खरं असेल. पण पाच हजार माणसांना मिळून एकच उत्तर! ‘माझ्या गल्लीवरचा तो’ यांपैकी कोणता, हे कुणालाच कळलं नाही. त्यामुळे उत्तर खरं असूनही कुणाचं समाधान झालं नाही. पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, 2022 मध्ये या विषयासाठी खास नवं कार्यालय उघडलं, पण त्याचा तक्रार अर्ज आजी-माजी सरकारी नोकर, सैनिक आणि कंत्राटदार यांच्यापुरता. शेतकरी पुन्हा दलदलीतच.

दुसरा आक्षेप खर्चाचा. याला मी फार भाव देत नाही. आपल्याकडे इस्रोने 2022 मध्येच बंगळुरूला अंतराळातल्या वस्तूंवर नजर ठेवणारं केंद्र सुरू केलं आहे. कोणता मोडका अग्निबाण कधी वातावरणात शिरतो याचं गणित तिथे होतंच. त्याच्या दारात एक लहानशी खिडकी लागेल, दोन-चार माणसं, आणि पोलीस ठाण्यांना एक पानी नमुना. पंचनामा कसा लिहायचा हे आपल्या हवालदाराला शिकवावं लागत नाही. घटनास्थळ, वेळ, दिशा, पंच क्रमांक एक, पंच क्रमांक दोन. फक्त घटनास्थळ जरा वर आहे.

आणि आता तक्रारी वाढणार आहेत, कमी होणार नाहीत. स्टारलिंक या इंटरनेट सेवेच्या उपग्रहांची माळ दिसली की दर वेळी गावोगावचे लोक फोन करतात. माहितीच्या अधिकारात विचारावं, तर संरक्षणाचा संबंध आला की माहिती नाकारायची मुभा देणारं कलम 8 पुढे येतं, आणि ते योग्यही आहे. म्हणूनच जे गुपित नाही ते आधीपासून दुसऱ्या कपाटात ठेवायला हवं. सगळंच लष्कराच्या कपाटात ठेवलं, तर शुक्र ग्रहसुद्धा गोपनीय होतो.

त्या पाडव्याच्या रात्री सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. आसपासच्या गावांत गोळेही सापडले. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. कडं पोलीस ठाण्यात नेऊन ठेवलं, पुढे इस्रोची माणसं येऊन बघून गेली. पण ते काय असावं हे मला त्याच रात्री कळलं, ते हार्वर्डच्या जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञाच्या ट्विटमुळे: फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च 3बी अग्निबाणाचा तिसरा टप्पा, पृथ्वीवर परतताना जळालेला. भंडारा-चंद्रपूरवरच्या आकाशाची बातमी आम्हाला मॅसॅच्युसेट्समधून मिळाली.

मावशी पुढच्या आठवड्यात ते कडं बघून आली. “बैलगाडीच्या चाकाची धाव असते ना, तशी, पण राक्षसाच्या गाडीची,” म्हणाली. मी तिला सगळं समजावून सांगितलं: अग्निबाण, टप्पा, घर्षण. तिने नीट ऐकलं. मग विचारलं, “म्हणजे चिन्यांचं होय? मग त्यांना सांगितलं का कोणी, तुमचं सामान इथं पडून राहिलं म्हणून?”

मी म्हटलं, विचारून सांगतो. अजून विचारायचंच आहे.